रिकामा पत्रा

अर्जुनी मोरगाव
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इथे सगळे बरे आहोत. तू आणि वहिनीही बरे असाल असं धरून चालते. नसलात तरी तू कळवणार नाहीस. निवडणूक एकदाची आटोपली. महिनाभर आमच्या दुकानातल्या फ्लेक्सच्या मशीनला उसंत नव्हती. हात जोडून हसणारी इतकी तोंडं छापली की घरी कुशल हसला तरी मला वाटायचं हा आता मत मागतो. आता मी परत वाढदिवस, बारसं आणि श्रद्धांजलीवर आले आहे. धान निघाला. कुशल सकाळपासून खरेदी केंद्रावर नंबर लावून बसलाय. आमची प्राची सातवीत गेली आणि माझ्या चपला घालायला लागली.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर एक ठराविक नाव निघालं की तुझी रेंज जाते. नवेगावच्या जंगलात माझी रेंज टिकते आणि पुण्यात तुझी जाते, हे मला कंपनीलाच विचारायचं आहे. पत्राला रेंज लागत नाही. मध्येच ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून राहतं.

तर कामाचं. तुझ्या प्रदर्शनासाठी बाबांनी रंगवलेले दुकानांचे बोर्ड शोधून फोटो काढायला लागले आहे. तू सांगितलेलं सगळं पाळते: फोटो समोरून, दुपारचं ऊन टाळून, जमलं तर दुकानदार खाली उभा, आणि सगळे काळे-पांढरे. ‘रंग काढला की हात दिसतो’ हे तुझं वाक्य मी कुशललाही ऐकवलं. तो तुझ्याबद्दल म्हणाला, भूपेंद्रभाऊ शिकलेला माणूस आहे, असेल काहीतरी.

बोर्ड शोधणं सोपं नाही. पुष्कळ दुकानांवर जुना पत्रा अजून आहे, पण त्याच्यावरून फ्लेक्स ताणून खिळे मारलेत. फ्लेक्स बहुधा माझाच. त्यामुळे मी शिडी लावते, मीच छापलेला फ्लेक्स एका बाजूने उचकटते, आतून बाबांची अक्षरं बाहेर येतात, फोटो घेते, आणि फ्लेक्स परत ठोकून देते. बाबा असते तर पोट धरून हसले असते. त्यांचा धंदा फ्लेक्सने बसवला आणि पोरीने फ्लेक्सचंच दुकान टाकलं, यावर ते कधी रागावले नाहीत. माझ्या दुकानाचा बोर्ड मात्र त्यांनी स्वतः पत्र्यावर रंगवून दिला. तो अजून आहे.

आता एक गंमत सांगते. गंमत म्हणायची की काय ते वाचून ठरव.

बसस्टँडच्या वळणावरचा हिरालाल सायकलवाला तुला आठवत असेल. त्याच्या बोर्डाचा फोटो काढला. तुझ्या सांगण्यावरून त्यालाही खाली उभा केला. दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, म्हणून जोडले. मी फोटो काळा-पांढरा केला. झकास आला, दाढीचा खुंट न् खुंट दिसत होता. त्याच्या सुनेला, रीताला, पाठवला. तिला इतका आवडला की तिने तो लगेच स्टेटसला ठेवला. खाली काही लिहिलं नाही, मला धन्यवाद म्हणून नुसते जोडलेले दोन हात टाकले. आणि सासू-सासऱ्यांना घेऊन शेतावर निघून गेली.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. आमच्या धंद्यात माणूस काळा-पांढरा एकदाच होतो.

तासाभरात माझ्या दुकानात दोघं जण आले. हिरालालभाऊ गेले म्हणे, चौकात लावायला श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे, फोटो तुमच्याजवळ आहेच. सकाळी तर बोलला होता माझ्याशी! पण मरणाचं काही सांगता येतं का? मी डोळे पुसले आणि कामाला बसले. ‘भावपूर्ण’ लिहून झालं, ‘श्रद्धांजली’ लिहून झालं, चौकट टाकली. तेवढ्यात दारातून आवाज आला, “बाई, त्या फोटोची एक मोठी कापी देजो. घरी लावतो.” हिरालाल! शेतावरून परस्पर आला होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, वाचलं, आणि शांतपणे म्हणाला, “थोडी घाई होऊन नाई रायली का?”

तिकडे त्याची मुलगी टीना सडक अर्जुनीहून रडत बसमध्ये बसली होती. बाप समोर आल्यावर आधी त्याच्या गळ्यात पडली आणि मग वहिनीशी, म्हणजे रीताशी, भांडली. दुसऱ्या दिवशी मी दोघींनाही चहाला बोलावलं, तेव्हा कुठे मिटलं.

त्या संध्याकाळी दुकानातून घरी परत येताना आम्ही दोघी गाडी थांबवून थांबवून हसलो.

‘दोघी’ लिहून गेले. खोडत नाही. फोटो काढायला मी एकटी जात नाही, देवकाबाई मागे बसते. कोणत्या गल्लीत कोणता बोर्ड, हे मला कुठे ठाऊक? तिला ठाऊक आहे. शिवाय शिडी धरायला कोणी लागतंच. घे, नाव लिहिलं. वाचवत नसेल तर एवढी ओळ सोड.

तिचं म्हणणं तुला कळवते, कारण तिने बजावून सांगितलं आहे. ती म्हणाली, “रंगीत काढला असता तं काऊन मरला असता हिरालाल?”

पहिला गठ्ठा कुरिअरने पाठवते आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी बहीण
भाग्यश्री


अर्जुनी मोरगाव
१९ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. थंडी पडली आहे. सकाळी तलावावर धुकं इतकं असतं की पलीकडचं काही दिसत नाही. प्राचीला खोकला होता, आता बरा आहे.

तुझा मेल मिळाला. माझ्या पत्राला मेलने उत्तर, तेही मुद्दे पाडून. चालेल, मीही तुझ्या मुद्द्यांनीच जाते.

तू लिहिलंस, निम्मे फोटो उत्तम आहेत, निम्मे सपाट. सपाट फोटोंतल्या बोर्डांवर अक्षर उठतच नाही, ‘बाबांचा हात तिथे बसलेला नाही’, ते गाळायचे. सडक अर्जुनीच्या हायवेवरच्या ढाब्याच्या फोटोबद्दल विचारलंस, ‘हा रिकामा पत्रा कशाला पाठवलास?’ आणि शेवटी लिहिलंस की काही बोर्डांवर बाबांच्या सहीशेजारी कोपऱ्यात डाग पडले आहेत, ते तिथेच खोडून पाठव.

दादा, मी तू निवडलेले सगळे फोटो टेबलावर एका बाजूला मांडले आणि गाळलेले दुसऱ्या बाजूला. देवकाबाईला दाखवले. तिला वाचता येत नाही, तुला ठाऊक आहे. ती वाचायला गेलीच नाही. निवडलेल्यांवरून हात फिरवून म्हणाली, “हे माया आंधीचे.” गाळलेल्यांवर हात ठेवून म्हणाली, “अन् हे सारे माये.” मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, “मले सारंच फेकून देल्लं का गा त्यानं?”

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. बोर्डावर वर्ष लिहिलेलं नसतं. तू पाहून निवडलेस, आणि काळ्या-पांढऱ्यात पाहिलं तर तुझीच निवड बरोबर आहे. पण असं का होतं ते तुला कधी कोणी सांगितलं नाही, कारण तू तेव्हा गोंदियाच्या होस्टेलवर होतास आणि सुट्टीतही मामाकडे जायचास.

आई होती तोवर बाबांचे बोर्ड पांढऱ्यावर काळे असायचे, फार तर निळ्यावर पांढरे. अक्षर सुरेख, रंगाचं काम नाही. देवकाबाई घरात आली तेव्हा मनीरामच्या ढाब्याचा बोर्ड अंगणात वाळत होता. पांढऱ्यावर काळा. तिने तो पाहिला आणि नवी नवरी असूनही तोंड आवरलं नाही: “अजी, हे जेवाचं हाटेल हाय का तेरवीचं?” तेराव्याचं म्हटल्यावर बाबांना राग आला. दोन दिवस बोलले नाहीत. मग तेच म्हणाले, तूच सांग मग कोणता. तिचा बाप दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईतल्या नाटकांचे पडदे रंगवायचा, लहानपणापासून ती त्याला रंग कालवून द्यायची. तिने करवंटीत हिरवा कालवला, दुसरीत लाल कालवला. बाबांनी पूर्ण पत्रा पुसून हिरवा केला आणि त्याच्यावर लाल अक्षर काढलं. हायवेवरचे ड्रायव्हर अजून सांगतात की तो बोर्ड लांब वळणावरूनच डोळ्यात भरायचा.

तोच तुझा रिकामा पत्रा.

ती रंग कसा जुळवायची ते मी लहानपणी पाहिलं आहे. तिचं एकच म्हणणं असायचं: दोन रंग सारख्या जोराचे पाहिजेत. “एक बैल दांडगा अन् एक मरतुकडा जुंपशीन तं गाडी एकाच आंगाले जाते.” म्हणून ती एक रंग गडद, एक फिका असं कधी ठेवायचीच नाही. लाल जितका गडद तितकाच हिरवा गडद. जांभळा जितका, तितकाच कत्था. डोळ्याला ते दोन्ही भांडत राहतात आणि त्यामुळे अक्षर उभं राहतं. पण माझ्या मशीनमध्ये ते बटण दाबलं की लालही राखाडी होतो आणि हिरवाही तसाच राखाडी होतो. दोघे एक होतात. अक्षर नाहीसं होतं. बाबांचा हात बसला नव्हता असं नाही रे. तो हात होता तसाच होता, तू त्याच्याखालून रंग काढून घेतलास.

आता डाग. ते डाग नाहीत. बोर्ड पूर्ण झाला की बाबा कोपऱ्यात ‘परसराम आर्ट’ अशी सही करायचे आणि हाक मारायचे, “देवका, लाव बोट.” ती हातातलं काम टाकून यायची, उरलेल्या रंगात बोट बुडवायची आणि सहीशेजारी टेकवायची. कधी भाजीचे हात असायचे, कधी शेणाचे, मग आधी धुवायला पळायची. बाबांचं सरळ होतं: अक्षर माझं तर सही माझी, रंग तिचा तर बोट तिचं. कोणी गिऱ्हाईक म्हणालं की कोपऱ्यात हे काय लागलंय, तर ते म्हणायचे, लागलं नाही, लावलंय. आपल्या घराच्या मागच्या भिंतीवरही तसे ठिपकेच ठिपके आहेत. कालवलेला रंग आधी ती तिथे लावून पाहायची. चारदा चुना मारला तरी खालून दिसतात.

तू म्हणशील ही तिची वकिली करते आहे. करते आहे. पण ती काही बिचारी वगैरे नाही, एवढं लक्षात ठेव. तिला गर्व आहे आणि जीभही आहे. मोरगावच्या अर्ध्या बाजाराला तिने सांगून ठेवलंय की पुण्यात तिचे बोर्ड लागणार आहेत. दुर्गेश्वरी वस्त्र भांडारवाल्याकडून त्यासाठी लुगडं पसंत करून बाजूला ठेवलंय. तुझ्या निमंत्रणात ‘तू एकटीच ये’ असं लिहिलंय, ते मी तिला अजून वाचून दाखवलेलं नाही. या पत्रात मला जे लिहायला जड जात होतं ते एवढंच.

आता माझं स्वतःचं एक.

हिरालालच्या भानगडीनंतर मी बाबांच्या घरी गेले होते आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढे उभी राहिले. लग्नाच्या वेळचा, गोंदियाच्या स्टुडिओतला. काळा-पांढरा. आईचा तेवढा एकच फोटो आहे. तेव्हा मला वाटलं, दादाला काळं-पांढरं का आवडतं ते माझ्या डोक्यात इतकी वर्षं आलं कसं नाही. आई गेली तेव्हा तू नववीत होतास, वर्षाच्या आत देवकाबाई घरात आली आणि घरातले डबे, चादरी, अंगणातले बोर्ड, सगळंच रंगीत व्हायला लागलं. मला तुझा राग येत नाही, असं लिहिणार होते, पण येतो. आणि वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

माझं उलट आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आई आठवते ती त्या फोटोतलीच, म्हणजे राखाडी. स्वप्नात आली तरी राखाडी येते. फोटोत तिने कोणत्या रंगाची साडी नेसली आहे ते मला माहीत नाही. बाबांना विचारायचं राहिलं. देवकाबाईने तिला पाहिलेलंच नाही. आता ते ठाऊक असलेला तू एकटा आहेस. तीच साडी आई पुढे सणासुदीला नेसायची, असं बाबा म्हणायचे, म्हणजे तू पाहिली असशील. मला सांग. त्या एका गोष्टीसाठी तरी फोनची रेंज येऊ दे.

सोबत सगळे फोटो रंगीत छापून पाठवते आहे, गाळलेलेही. काळे-पांढरे करायला एक बटण पुरतं आणि ते तुझ्याजवळही आहे. मी अडवू शकत नाही. पण मी ते आता दाबणार नाही. जिवंत बाईला माझ्या हाताने काळं-पांढरं करणं मला जमणार नाही.

मनीरामचा फोटो सगळ्यात वर ठेवला आहे. आधी तो पाहा, मग उत्तर दे. घाई नाही.

तुझी
भाग्यश्री


अर्जुनी मोरगाव
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

प्रिय दादा,

तिळगूळ घे. पाकिटात घातला आहे, चुरा झाला असेल तर चमच्याने खा.

तुझा निरोप आला. इतक्या दिवसांनी आणि इतकाच: ‘रंगीत फाइली पाठव. साडी जांभळी होती.’ मी तो दुकानात वाचला, मशीन बंद केलं आणि शटर ओढलं. मग बाबांच्या घरी गेले. या पत्रात मी देवकाबाई न लिहिता माय लिहिणार आहे. घरी लहानपणापासून तेच म्हणते. तुझ्या सोयीसाठी आधीच्या पत्रांत ओढूनताणून देवकाबाई लिहीत होते, आता कंटाळा आला.

माय अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सांगितलं, दादा रंगीत लावणार आहे. तिला जणू आधीच ठाऊक होतं. “लावणच नं. बोर्ड का रांडमुंड ठेवते का कोणी?” एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. मग मी म्हटलं, आईची साडी जांभळी होती म्हणतो.

तिचे हात थांबले.

“जांभळी मंजे कोणती?”

मी म्हटलं, जांभळी म्हणजे जांभळी.

“असं कुठी रायते का वो? वांग्यासारखी का जांभूळासारखी? का मोहाच्या फुलावर सांजचा उजेड पडते तशी? निळी जास्त का लाल जास्त? विचारलं नाई का त्याले?”

नाही विचारलं, मी म्हटलं. ती चिडली. “त्यानं एक गोष्ट सांगतली, तेही अर्धी. बापावरच गेला.”

मग तिने शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं आणि मला बाजारात पिटाळलं. निळा आण, लाल आण, पांढरा लहान डबा आण. जुने डबे वाळून दगड झाले होते. मी म्हटलं, माय, एवढं कशाला, मला ती साडी कॉम्प्युटरवर एका मिनिटात रंगवता येते. ती म्हणाली, “तुया मशीननं कधी लुगडं नेसलं का?”

तिच्या मनात काय आहे ते आता लिहिते. जुन्या काळी स्टुडिओवाले काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग भरून द्यायचे, तसा तिला आईचा फोटो रंगवायचा आहे. घाबरू नको, भिंतीवरच्या फोटोला ती हात लावणार नाही. मी त्याची मोठी प्रत छापून दिली आहे. त्याच्यावर तिने कामाला सुरुवात केली. कुंकू लाल केलं. बांगड्या हिरव्या केल्या. मागचा पडदा तिने स्वतःच्या मनाने फिका पिवळा केला, स्टुडिओत तसाच असतो म्हणाली. चेहऱ्याला हात लावायला तयार नाही. मी म्हटलं, चेहरा असा राखाडीच ठेवशील का? तर म्हणाली, “मी तिले पाह्यली नाई. तिचा रंग मी कोठून आणू? ज्यानं पाह्यली त्यानं सांगावा.”

आणि साडी. साडी तिने कोरी ठेवली आहे. जांभळा कालवते, मागच्या भिंतीवर जाऊन बोट लावते, मान हलवते, परत कालवते. सगळी भिंत जांभळी करून ठेवली. काल माझ्या मागे लागली की पत्रात लावून दे, पाहू दे त्याला. मी म्हटलं, पत्र खराब होईल. त्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

दादा, मी तिला विचारलं, कशाला एवढा जीव काढतेस, त्याने तुला कधी धड हाकही मारली नाही. ती म्हणाली, “त्याच्यासाठी थोडीच करून रायली मी! इतके वर्सं सणावारी पयला हार तिच्या फोटोले घातला. कोण बाई होती, कशी होती, मले का मालूम? घर तिचं, पोरं तिचे, अन् मले तिच्या लुगड्याचा रंगही मालूम नाई. लाज वाटत नाई का मले?”

मी तिच्या करवंटीत आणखी निळा ओतून दिला. तिला उत्तर द्यायचं तर तू दे.

आता व्यवहाराचं. प्रदर्शनात बाबांच्या नावाखाली एक ओळ पाहिजे: अक्षर परसराम, रंग देवकाबाई. यावर घासाघीस नको. मनीरामचा बोर्ड दारातच लाव, आत शिरणाऱ्याला लांबून दिसला पाहिजे. कोपऱ्यातले ठिपके जसे आहेत तसे. माघी पौर्णिमेला कचारगडची जत्रा, तिचे फ्लेक्स छापायचे आहेत, तोवर मला दुकान सोडता येणार नाही. ती झाली की आम्ही गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघी. तिला खिडकीची जागा लागते आणि बाहेरचा चहा चालत नाही. तुझ्या घरातले पडदे तिला आवडणार नाहीत आणि ती तसं तोंडावर सांगेल, वहिनीला आधीच कल्पना दे.

निमंत्रणातलं ते वाक्य मी तिला वाचून दाखवलं नाही आणि आता दाखवणारही नाही. ते तू लिहिलंच नाहीस असं मी धरलं आहे. स्टेशनवर यायचं तर ये, नाही आलास तर आम्ही रिक्षा करू. तिला काय हाक मारायची ते तुझं तू बघ. ‘त्या बाई’ सोडून काहीही चालेल.

पाकिटात घालायला या पत्राची घडी करताना मध्ये पातळ कागद घातला आहे, तरी दुसऱ्या बाजूला थोडा रंग लागला असेल. माझ्या सहीखाली जे जांभळे ठिपके आहेत ते डाग नाहीत. पहिला वांग्याचा, शेवटचा मोहाच्या फुलाचा, मधले त्यांच्या मधले. आईची साडी यांतली ज्याच्यासारखी होती, त्याच्याखाली रेघ मार आणि कागद परत पाठव. एकही जुळत नसेल तर तेही लिही, ती परत कालवेल. चेहऱ्याचं तू आल्यावर तिच्याजवळ बसून सांग. ते पत्रात सांगण्यासारखं नाही.

साडी कोरी ठेवून वाट पाहणाऱ्या

तुझी बहीण भाग्यश्री,
आणि खाली बोट आहे ती माय